तीन नंबरची कडी

मास्तर मूळचे सुतार. नावेत बसून नव्हे, नावेखाली उताणे पडून ते या धंद्यात आले. बोटक्लबाच्या लांबलचक शेडमध्ये लाकडी घोड्यांवर पालथ्या घातलेल्या शर्यतीच्या नावा असत. त्यांच्या पोटाला रंधा मारायचा, भेगा भरायच्या, वार्निशचा हात द्यायचा, एवढेच त्यांचे काम. वय बावीस, बोलणे मोजके, कानावर पेन्सिल. पोहता येते का, असे विचारल्यावर त्यांनी "बुडायची वेळ आली तर शिकेन" असे उत्तर दिले होते. तरीही कामावर घेतले गेले, कारण त्या दिवशी दुसरा सुतार आलाच नव्हता. देव एखाद्याला जागेवर बसवतो तेव्हा आधी बाकीच्यांना घरी बसवतो, असे त्यांची बायको पुढे म्हणायची.

तेव्हा क्लबात थोरले मास्तर शिकवत असत. जाड भिंगांचा चष्मा, जाड आवाज आणि त्याहून जाड पोट. एकदा ते काठावर उभे राहून चौघांच्या नावेवर ओरडत होते, आणि सुतार त्यांच्या मागे पाण्याकडे पाठ करून फळी तासत होता. तासता तासताच तो पुटपुटला, "तिसऱ्याला उशीर होतोय."

थोरले मास्तर गर्रकन वळले. "काय म्हणालास?"

"काही नाही."

"म्हणालास. तू बघतोयस कुठे?"

"फळीकडे."

"मग तुला तिसरा कुठून दिसला?"

सुतार ओशाळला. "दिसला नाही. ऐकू आला. चार वल्ही पाण्यात पडली की एकच आवाज यायला पाहिजे. दार नीट लागल्यासारखा. इथे दार लागतं आणि मग पुन्हा आपटतं. अन् आपटतं ते मधूनच कुठूनतरी."

थोरल्या मास्तरांनी नाव काठाला बोलावली, तिसऱ्याला विचारले. तो म्हणाला, मनगट दुखावलंय, म्हणून हात जपून टाकतोय. त्या दिवसापासून सुताराला दुपारी रंधा आणि सकाळी काठावरून ओरडायचा भोंगा अशी दोन कामे लागली.

वल्हवण्याचा हा खेळ मुळातच चमत्कारिक. माणसे पुढे जातात ती पाठ करून. जिथे पोचायचे ती जागा त्यांना दिसतच नाही, मागे पडलेले पाणी तेवढे दिसते. समोर तोंड असते ते फक्त शेवटी बसलेल्या सुकाणूवाल्याचे, आणि काठावरून पळणाऱ्या प्रशिक्षकाचे. म्हणजे नावेतल्या चौघांनी जीव ओवाळून टाकायचा तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर. विश्वास नसेल तर या खेळात माणूस दहा हातसुद्धा जात नाही.

आणि वल्हे अडकते ते एका कडीत. नावेच्या बाहेर आलेल्या लोखंडी हाताच्या टोकाला ही कडी असते. तिच्यात वल्हे ठेवायचे, वरून आडवा दांडा लावायचा आणि त्यावरचा नट बोटांनी घट्ट आवळायचा. तो सैल राहिला तर ऐन जोरात दांडा उघडतो, वल्हे उसळते आणि माणूस पाण्यात. सुरुवातीला हे नट सुतारच आवळून ठेवायचा आणि खेळाडू जावयासारखे तयार नावेत येऊन बसायचे. एका सकाळी एक नट राहिला, वल्ह्याची मूठ एकाच्या बरगडीत बसली. सगळ्यांनी सुताराकडे बोट दाखवले.

थोरले मास्तर म्हणाले, "नट याने आवळायचा, वल्हं तुम्ही मारायचं, आणि जेवताना घास कोण भरवणार, आई? उद्यापासून ज्याची बैठक, त्याचा हात."

सुताराला हे वाक्य इतके पटले की त्याने ते शेडच्या दारावर रंगवून टाकले. मग रीतच पडली. नाव सुटण्याआधी सुकाणूवाला आकडे विचारायचा, आणि प्रत्येकाने आपला नट हाताने तपासून उत्तर द्यायचे. "एक?" "आवळलं." "दोन?" "आवळलं." चौथ्याचे उत्तर आल्याशिवाय नाव काठ सोडत नसे.

थोरले मास्तर थकल्यावर सुताराचा मास्तर झाला. मुलींना शिकवायला तेव्हा कोणी तयार नव्हते. चिटणीस म्हणाले, "शेड सकाळी पाच ते साडेसहा रिकामी असते, तेव्हा तुमचं काय ते करा." मास्तरांनी तेवढ्यावर तीस वर्षे काढली. पहिल्या चौघींत एक परिचारिका होती, ती कामावरून थेट यायची आणि वल्हे मारता मारता जांभया द्यायची. मास्तर काठाने सायकलवरून भोंगा घेऊन निघायचे, नजर पाण्यावर, आणि सायकल देवाच्या भरवशावर. दोनदा सायकलीसकट पाण्यात गेले. दुसऱ्या वेळी पोहायला शिकले, दिलेला शब्द पाळला.

बारा चषक आले. सहा मुली देशाच्या संघात गेल्या. त्यातली एक दूरदेशी पदक जिंकून आली तेव्हा विमानतळावरून घरी जायच्या आधी शेडमध्ये आली आणि पदक मास्तरांच्या गळ्यात घालून दोन मिनिटे रडली. मास्तर म्हणाले, "शेवटच्या पाचशे मीटरला डावा खांदा पडत होता तुझा." ती रडता रडता हसायला लागली. घरी चषकांनी कपाट भरले. बायकोने सर्वांत मोठ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवले. "एवढं भांडं रिकामं ठेवणं बरं नाही," असे तिचे म्हणणे.

लेक जन्माला आली ती लांब हातांची. चौदाव्या वर्षी शेडच्या दारात उभी राहिली. "मला शिकव."

"इथे शिकायचं तर एक ठरवू," मास्तर म्हणाले. "या फाटकाच्या बाहेर मी तुझा बाबा. आत आलीस की मास्तर. तिथे मी 'अगं' म्हणणार नाही, तू 'बाबा' म्हणायचं नाही."

"आणि 'तू'सुद्धा नाही?"

"'तू'सुद्धा नाही."

मुलीने ते इतके काटेकोर पाळले की फाटकापर्यंत "बाबा, तू डबा विसरलास" म्हणणारी मुलगी फाटकाच्या आत "मास्तर, तुमचा डबा" म्हणून तोच डबा हातात द्यायची. मुलींना त्याची मोठी गंमत वाटे. ती नेहमी तिसऱ्या जागी बसायची, म्हणून क्लबात तिचे नावच 'तीन' पडले.

मास्तर छप्पन्नाचे झाले आणि ज्याची वाट पाहत इतकी वर्षे गेली ते वर्ष आले. देशाच्या महिला संघाला मुख्य प्रशिक्षक नेमायचा होता आणि मास्तरांचे नाव सर्वांत वर होते. त्याच वर्षी क्लबाची चौघींची नावही ऐन भरात होती. वार्षिक शर्यत जिंकली की चौघी संघाच्या शिबिराला, आणि शिबिरात शिकवायला मास्तर. सगळे कसे जुळून आले होते.

शर्यतीच्या सकाळी लेकीच्या उजव्या तळव्याचा फोड फुटला. ती काठावर बसून तळव्याला चिकटपट्टी गुंडाळत होती, दातांनी तोडत होती, पुन्हा सुटत होती. मास्तरांनी पाहिले. फाटकाच्या आत, तीस वर्षांच्या शिस्तीच्या आत, त्यांच्यातला बाबा जागा झाला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "तू पट्टी नीट बांध. तुझी कडी मी लावतो."

ते वाकले. वल्हे कडीत ठेवले, दांडा लावला, नट दोन वेढे फिरवला. तेवढ्यात चिटणिसांनी वरून हाक मारली, "मास्तर, नावेचा नंबर! पंच थांबलेत!" मास्तर उठले, नंबरची पाटी घेऊन धावत आले, ती पुढच्या टोकाला खोवली. हात पुन्हा कडीकडे गेलाच नाही.

"तीन?" सुकाणूवालीने विचारले.

लेकीने कडीकडे पाहिलेसुद्धा नाही. लावली होती ना बाबाने. "आवळलं."

बाराशे मीटरपर्यंत त्या अर्ध्या नावेने पुढे होत्या. काठावर सायकलीवर मास्तर ऐकत होते. दार लागत होते, सुरेख लागत होते. मग एकदम खाडकन आवाज आला, दार बिजागरीतून निखळावे तसा. वल्हे हवेत उडाले आणि लेक पाण्यात दिसली. बाकीच्या तीन नावा पुढे निघून गेल्या.

पंचांच्या होडीने तिला काढले. काठावर ओलीचिंब, ओठ निळे, खांद्यावर कोणाचा तरी टॉवेल. निवड समितीच्या बाई तिथे होत्या, एकेकाळच्या स्वतः वल्हवणाऱ्या, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांनी कडी पाहिली आणि विचारले, "तीन नंबरची कडी कोणी लावली होती?"

मास्तरांनी तोंड उघडले. पण लेकीचा आवाज आधी आला. तिने दाराकडे, वडिलांनी रंगवलेल्या त्या अक्षरांकडे बोट केले. "माझी बैठक, माझा हात."

बाईंनी मान हलवली. वहीत काहीतरी लिहिले. मास्तरांनी उघडलेले तोंड मिटले.

निकाल आठवड्याने आला. नाव चांगली आहे, महिन्याने पुन्हा चाचणी घेऊ, पण जिला आपली कडी लावता येत नाही तिला शिबिरात घेता येणार नाही. तिसऱ्या जागेसाठी दुसरी मुलगी पाहा. त्याच टपालाने दुसरे पाकीट आले. मास्तरांच्या नेमणुकीचे पत्र. सोमवारी येऊन सही करावी.

चिटणिसांनी पाठ थोपटली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. लेकीनेही वाजवल्या, पट्टी बांधलेल्या हाताने, आवाज न होणाऱ्या. आणि घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "अभिनंदन, मास्तर. तुमचं पाकीट टेबलावर ठेवलंय."

घरात. उंबऱ्याच्या आत. मास्तर, आणि तुमचं.

मास्तरांना वाटले, ओरडली असती तर बरे झाले असते. ती ओरडत नव्हती. भांडी घासत होती, आईशी बोलत होती, फक्त त्यांच्याशी बोलताना फाटकाच्या आतली भाषा वापरत होती. तीन दिवस हे चालले. मास्तर जेवताना घास हातात घेऊन बसत आणि समोरच्या भिंतीला विचारीत काहीतरी.

शेवटी बायकोनेच विषय काढला. ती कपाटातल्या मोठ्या चषकातून चिमटे काढीत होती. "अहो, एक विचारू? तुमची लेक आजवर कधी नट विसरलीय?"

मास्तरांनी खाली पडलेला एक चिमटा उचलून तिच्या हातात दिला.

"ती रात्री दाराची कडी दोनदा बघून झोपते. गॅसचं बटण तीनदा. आणि शर्यतीची कडी विसरली? मला खेळातलं कळत नाही, पण पोर कळते."

"मी लावली होती," मास्तर म्हणाले. एवढेच शब्द, पण दहा दिवस छातीवर ठेवलेली फळी खाली टाकल्यासारखे. "अर्धीच लावली."

बायको खाली बसली. बराच वेळ चिमटे मोजल्यासारखे हातात फिरवीत राहिली. "आणि ती तुमच्यासाठी गप्प."

"हो."

"आणि तुम्ही पाकिटासाठी गप्प."

"तीस वर्षं वाट बघितली गं. आणि आता सांगितलं तर काय होणार? पत्र परत जाईल. तिची जागा मिळेलच असंही नाही."

"रोज सकाळी देवापुढे हात जोडता, ते काय हातांना व्यायाम म्हणून?" बायको उठली. "मी काही सांगत नाही. तुम्हाला चुकलेलं ऐकू येतं म्हणे. लोकांच्या नावेतलं ऐकू येतं. घरातलं येतंय का, बघा."

सोमवारी मास्तर गेले ते सही करायच्या कपड्यांत गेले. खोली पहिल्या मजल्यावर होती. लांब टेबल, फिती बांधलेल्या फायली, पाण्याचा जग, खिडकीतून दिसणारे संथ पाणी. बाईंनी पेन पुढे केले. मास्तरांनी पेन घेतले नाही. पाकीट टेबलावर ठेवून बोटाने त्यांच्याकडे सरकवले.

"तीन नंबरची कडी मी लावली होती. तिच्या हाताला पट्टी होती, मी तिच्या हातातून काम घेतलं आणि अर्धं सोडलं."

बाईंनी चष्मा लावला, काढला. "हे आज सांगताय? अकरा दिवस कुठे होतात?"

"घाबरलो होतो."

"कशाला? पाण्यात तर मुलगी पडली, तुम्ही नाही."

"या पाकिटाला घाबरलो."

बाईंनी पेनाचे टोपण लावले. "मास्तर, नट सैल राहणं ही चूक. माझ्याही हातून झालीय. पण अकरा दिवस पोरीच्या आड उभं राहणं, त्याला मी चूक म्हणू शकत नाही. चाळीस मुलींना तुमच्या डोळ्यांवर सोडायचं आहे मला."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःलाच नवल वाटले, ते खरोखर बरोबर वाटत होते.

"तिचं नाव पुन्हा घालते. पण तिनेही न बघता 'आवळलं' म्हटलं. तेही मी विसरणार नाही. चाचणीला बघू."

पाकीट टेबलावरच राहिले. जिना उतरताना मास्तरांचे मन हलके होते, पाणी उपसून काढलेल्या नावेसारखे.

घरी लेक ऐकून पेटलीच. "मी तिथे सगळ्यांसमोर बोलले ते काय गंमत म्हणून? तुम्हाला हवं होतं ना ते? मी देत होते! आणि तुम्ही जाऊन परत करून आलात?"

"तुझं देणं मोठं होतं," मास्तर म्हणाले. "पण ती बैठक तुझी होती. त्या दिवशी मी तुझ्या बैठकीवर हात घातला, मग अकरा दिवस तिच्यावर बसूनच राहिलो. आता उठलो."

"आणि तुमचं स्वप्न?"

"सुताराला शेड आहे की."

लेक ताडकन खोलीत गेली. दार आपटले, एकदाच, घट्ट लागले. बायको हळूच म्हणाली, "ऐकलंत? लागलं नीट."

चाचणीच्या सकाळी पाण्यावर हलकी वाफ होती. बाई काठावर खुर्ची टाकून बसल्या. चौघी नावेत बसल्या. मास्तर सवयीने पुढे झाले, लेकीच्या कडीकडे, आणि दोन पावलांवर थबकले. हात मागे नेले आणि एकमेकांत अडकवले, घट्ट, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे धरून ठेवले.

"एक?" "आवळलं." "दोन?" "आवळलं."

"तीन?"

लेकीने नटाला हात लावला. आवळला. हात काढला. पुन्हा लावला. सुकाणूवाली वाट पाहत राहिली, चौथीने घसा खाकरला.

"तीन, आवळलं," लेक म्हणाली. "बघून."

"चार?" "आवळलं गं, आवळलं, निघा आता!"

"थांब," लेक म्हणाली. तिने काठाकडे पाहिले. "काठ?"

मास्तरांना क्षणभर कळले नाही. मग कळले. त्यांनी घसा साफ केला. "काठ. हात मागे."

मुली फिदीफिदी हसल्या, खुर्चीतल्या बाईसुद्धा, आणि नाव सुटली.

त्या दिवशी मास्तर सायकलीवर बसले नाहीत. सुरुवातीचा इशारा झाल्यावर ते वळले आणि पाण्याकडे पाठ करून उभे राहिले, शेडच्या लाकडी भिंतीकडे तोंड करून, बावीस वर्षांचे असताना उभे राहत तसे. डोळ्यांना दिसत होत्या फक्त फळ्या, फळ्यांवरचे खिळे. कानाला ऐकू येत होते दार. एकदा लागले. पुन्हा लागले. हजार मीटर, बाराशे मीटर, आणि दार तिथेही लागले, तसेच, एकाच आवाजात, आणि दूर दूर जात राहिले.

चौघी शिबिराला गेल्या. मुख्य प्रशिक्षक दुसरेच नेमले गेले, मास्तरांपेक्षा वयाने लहान. शिबिराच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, चौथीचं वल्हं उशिरा पडतंय असं वाटतं पण दिसत नाही, तुम्ही येऊन एकदा ऐकाल का? मास्तर डबा घेऊन गेले. पुढे महिन्यातून दोनदा जाऊ लागले. पत्र नाही, सही नाही, नुसते काठावर पाठ करून उभे राहायचे.

सकाळी पाच ते साडेसहा मात्र शेड त्यांचीच राहिली. आता तिथे नव्या लहान मुली येतात. चौथीचे उत्तर आले की सुकाणूवाली काठाला विचारते, आणि मास्तर हात मागे बांधून उत्तर देतात. मुलींना वाटते, ही रीत शेड बांधली तेव्हापासूनची असावी. कोणी विचारले तर मास्तर म्हणतात, "जुनी आहे. फार जुनी."

शिबिराला निघायच्या दिवशी लेकीची पिशवी जड होती. मास्तर तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले. पट्टा तिच्या खांद्यावरून घसरत होता. त्यांनी हात पुढे केला आणि अर्ध्यावरच मागे घेतला.

लेकीने ते पाहिले. फाटक ओलांडले, बाहेर पडली, वळली, आणि पिशवीच त्यांच्यापुढे धरली.

"घे ना बाबा," ती म्हणाली. "इथे चालतं."